तान्ह्या मेंदूतील मायलिन आणि एमआरआयच्या अहवालातील एक ओळ

तान्ह्या बाळाच्या मेंदूचा एमआरआय झाला की अहवालात पुष्कळदा एक ओळ येते: "मायलिनेशन वयाच्या मानाने कमी." म्हणजे चेतातंतूंवर चढणारे मायलिन नावाचे आवरण वयाला साजेसे चढलेले दिसत नाही. बालरोगतज्ज्ञाकडे पोहोचण्याआधीच आईवडिलांनी ती ओळ मोबाइलवर शोधलेली असते आणि आपले मूल कधी चालणार-बोलणार नाही अशी धास्ती घेऊनच ते दोघे ओपीडीत बसलेले असतात. मी पुण्यात लहान मुलांचे एमआरआय वाचण्याचे काम करते. ही ओळ मलाही लिहावी लागते. ती लिहिण्याआधी काय काय तपासावे लागते आणि ती किती भरवशाची असते, हे आईवडिलांना आणि आमच्याच क्षेत्रातील तरुण सहकाऱ्यांना सविस्तर सांगावे, असे बऱ्याच दिवसांपासून मनात होते. माझे म्हणणे असे की, एमआरआयला मायलिन दिसत नाही, पाणी दिसते. त्या पाण्याच्या वागणुकीवरून आपण मायलिनचा अंदाज बांधतो. पुण्याच्या परिसरात तर मायलिनसाठी आवश्यक असलेल्या बी-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता घरोघर आढळते. अशा ठिकाणी हा अंदाज नुसत्या नजरेवर सोडून देणे योग्य नाही.

मेंदूतील ऑलिगोडेंड्रोसाइट नावाच्या पेशी आपल्या पटलाचे वेढे चेतातंतूंभोवती एकावर एक घट्ट गुंडाळत जातात, आणि या वेढ्यांच्या थरालाच मायलिन म्हणतात. रुडॉल्फ फिर्खो या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने त्याला १८५४ मध्ये हे नाव दिले. मायलिनच्या कोरड्या वजनातील ७० ते ८० टक्के भाग स्निग्ध पदार्थांचा असतो आणि उरलेला बहुतांशी प्रथिनांचा. हे आवरण सलग नसते. ठराविक अंतरावर तंतू उघडा राहतो, आणि संदेश एका उघड्या जागेवरून पुढच्या उघड्या जागेवर उडी घेत जातो. त्यामुळे मायलिन नसलेल्या बारीक तंतूतून सेकंदाला एखाददुसरा मीटर सरकणारा संदेश जाड मायलिन असलेल्या तंतूतून सेकंदाला १०० मीटरच्या आसपास वेगाने धावू शकतो. बाळ मान धरते, नजर स्थिर करते, हात पुढे करून खुळखुळा पकडते, या प्रत्येक टप्प्यामागे कुठल्या तरी मार्गावर चढत गेलेले मायलिन असते, मात्र ते एकमेव कारण नव्हे.

हे आवरण सगळीकडे एकाच वेळी चढत नाही, हे पाउल फ्लेक्सिग यांनी लाइपझिगमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दाखवून दिले होते. पुढे १९६७ मध्ये याकोव्हलेव्ह आणि लेकूर यांनी, आणि १९८७ मध्ये ब्रॉडी, किनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी, हा क्रम अधिक बारकाईने मांडला. या सर्वांचे काम मृत बालकांच्या मेंदूच्या रंगवलेल्या चकत्यांवर झालेले आहे. ते मौल्यवान आहे, पण त्यातील प्रत्येक बालक एकदाच पाहिले गेले आणि त्यांतील अनेक बालके आजारी असणार हे उघड आहे. जिवंत, निरोगी बाळाचा मेंदू पाहता येणे आणि तोच मेंदू सहा महिन्यांनी पुन्हा पाहता येणे, ही सोय एमआरआयने पहिल्यांदा करून दिली. त्यात क्ष-किरण नसतात, म्हणून तपासणी पुन्हा करायलाही हरकत नसते. आईवडिलांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो, म्हणून तो इथेच निकालात काढते.

आता पाण्याविषयी. एमआरआयमध्ये आपण हायड्रोजनच्या केंद्रकांचा संदेश ऐकतो आणि मेंदूतील बहुतेक हायड्रोजन पाण्यात असतो. मायलिनच्या स्निग्ध रेणूंमध्येही हायड्रोजन असतो, परंतु त्याचा संदेश मिलिसेकंदाच्या अल्पशा अंशात विरून जातो आणि नेहमीच्या स्कॅनला तो ऐकूच येत नाही. नवजात बाळाच्या मेंदूत पाण्याचे प्रमाण ८८ टक्क्यांच्या आसपास असते, तर प्रौढाच्या व्हाइट मॅटरमध्ये, म्हणजे चेतातंतूंच्या जुडग्यांच्या भागात, ते ७० टक्क्यांच्या आसपास उतरलेले असते. उत्तेजित केलेली केंद्रके मूळ स्थितीत परतायला लागणारा काळ म्हणजे टी-१, आणि त्यांचा संदेश विरून जायला लागणारा काळ म्हणजे टी-२. मोकळ्या पाण्याचे हे दोन्ही काळ लांब असतात, म्हणून टी-१ चित्रात ते गडद आणि टी-२ चित्रात पांढरेशुभ्र दिसते. मायलिनची घडण सुरू झाली की त्याच्या पटलातील कोलेस्टेरॉल आणि गॅलॅक्टोसेरेब्रोसाइड यांसारखे रेणू आसपासच्या पाण्याला रोखून धरतात, टी-१ आखूड होतो आणि तो भाग टी-१ चित्रात उजळू लागतो. पुढे वेढे घट्ट होत जातात, मधले पाणी हटते, टी-२ही आखूड होतो आणि तोच भाग टी-२ चित्रात काळवंडतो. म्हणजे एकाच मार्गावरील एकाच घटनेच्या दोन अवस्था दोन वेगळ्या चित्रांत दिसतात, टी-१ वर आधी आणि टी-२ वर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी. ही गोष्ट नीट ध्यानात घेतली नाही तर चार महिन्यांच्या बाळाचा टी-२ स्कॅन पाहून कुणीही "मायलिन दिसत नाही" असे लिहून बसेल, जेव्हा त्या बाळाच्या टी-१ चित्रात सगळे काही वेळेवर उजळलेले असते.

१९८८ मध्ये बार्कोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीड टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचे माप) मशीनवर या क्रमाचे जे टप्पे मांडले, त्यांवर आम्ही आजही चालतो. सर्वसाधारण दिशा खालून वर, मागून पुढे आणि मध्यापासून कडेकडे अशी आहे, आणि संवेदनांचे मार्ग हालचालींच्या मार्गांच्या आधी तयार होतात. पूर्ण दिवसांच्या बाळात जन्मतःच मेंदूच्या दांड्याचा मागचा भाग, थॅलॅमस या मेंदूच्या खोल गाभ्यातील केंद्राचा बाहेरचा-खालचा भाग, त्याच्या शेजारून जाणाऱ्या तंतूंच्या पट्टीचा म्हणजे इंटर्नल कॅप्सूलच्या मागच्या शाखेचा काही हिस्सा आणि मध्यवर्ती खाचेच्या आजूबाजूचा भाग टी-१ वर उजळलेला असतो. इंटर्नल कॅप्सूलची पुढची शाखा टी-१ वर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात उजळते, पण टी-२ वर गडद व्हायला सातवा ते अकरावा महिना उजाडतो. मेंदूच्या दोन अर्धांना जोडणाऱ्या कॉर्पस कॅलोसमचा मागचा गोलसर भाग टी-१ वर चौथ्या महिन्याच्या सुमारास आणि पुढचा वाकलेला भाग सहाव्या महिन्याच्या सुमारास उजळतो. टी-२ वर हेच अनुक्रमे चौथ्या ते सहाव्या आणि पाचव्या ते आठव्या महिन्यात घडते. कपाळामागच्या भागातील कडेचे तंतू सगळ्यांत शेवटी येतात, टी-२ वर चौदा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान. म्हणून पहिल्या सहा-आठ महिन्यांत टी-१ आणि त्यानंतर दीड वर्षापर्यंत टी-२ हा आमचा मुख्य आधार असतो.

या दोहोंच्या मध्ये, साधारण सहा ते आठ महिन्यांच्या आसपास, एक अवघड काळ येतो. त्या काळात ग्रे मॅटर (चेतापेशींचा भाग) आणि व्हाइट मॅटर यांच्या छटा जवळजवळ एकसारख्या होतात आणि चित्र सपाट, धूसर दिसते. अनुभवी डोळ्यालाही त्या वयात सीमारेषा शोधाव्या लागतात, संगणकाच्या प्रणालींची तर तिथे फारच ओढाताण होते. याच वयात अनेक बाळांना "अजून बसत नाही" म्हणून पाठवले जाते, त्यामुळे आमच्याकडील शंकास्पद अहवालांचा मोठा वाटा नेमका या काळातला असतो. दुसरी फसवी जागा पार्श्व निलयांच्या, म्हणजे मेंदूतील द्रवाने भरलेल्या पोकळ्यांच्या, मागच्या कोपऱ्याजवळ आहे. तिथले व्हाइट मॅटर टी-२ वर बरीच वर्षे, कधी कधी विशीपर्यंतही, किंचित पांढरे राहू शकते. त्याला आजार म्हणता येत नाही. मात्र तसाच पांढरा पट्टा कमी दिवसांच्या बाळाला झालेल्या इजेतही दिसतो, आणि दोहोंतील फरक ओळखताना निलयाच्या भिंतीला अगदी लागून मायलिनची पातळ गडद रेषा आहे की नाही, हे पाहावे लागते.

नवजात अतिदक्षता विभागातील एका खुणेविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण तिच्यावर घरच्यांशी होणारे संपूर्ण बोलणे अवलंबून असते. जन्मताना प्राणवायू कमी पडलेल्या पूर्ण दिवसांच्या बाळाचा टी-१ स्कॅन उघडला की मी थॅलॅमस आणि लेंटिफॉर्म न्यूक्लियस ही गाभ्यातील दोन केंद्रे दिसतील अशा पातळीवर थांबते आणि त्या दोहोंच्या मधली तिरपी पट्टी पाहते. त्या पट्टीच्या मागच्या भागात, तांदळाच्या दाण्यासारखा, दोन्ही बाजूंना एक उजळ ठिपका दिसायला हवा. इंटर्नल कॅप्सूलच्या मागच्या शाखेतले ते मायलिन असते, हातापायांच्या हालचालींचा मार्ग तिथूनच खाली उतरतो. तो ठिपका नसेल, किंवा त्याच्या दोन्ही बाजूंचा भाग त्याच्यापेक्षा अधिक उजळ झालेला असेल, तर पुढे हालचालींत मोठी अडचण येण्याची शक्यता खूप वाढते, हे लंडनमधील रदरफर्ड आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवून दिले. पण हीच खूण ३५ आठवड्यांच्या बाळात शोधणे चुकीचे आहे, कारण तिथे ती अजून उमटलेलीच नसते. आणि इजा झाल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत ती खूण अजून पुसलेली नसते, त्यामुळे फार लवकर केलेला स्कॅन खोटा दिलासा देऊ शकतो.

यावरूनच बाळाच्या वयाचा मुद्दा येतो, आणि माझ्या मते चुकीच्या अहवालांचे सर्वांत मोठे कारण इथेच आहे. २८व्या आठवड्यात जन्मलेले बाळ कागदावर सहा महिन्यांचे असते तेव्हा त्याचे खरे, म्हणजे अपुरे दिवस वजा केलेले, वय तीन महिन्यांच्या आसपास असते. मायलिन जन्मतारीख पाहून चढत नाही, ते गर्भधारणेपासूनच्या आठवड्यांप्रमाणे चढत जाते. जुन्नर, भोर, इंदापूर अशा तालुक्यांतून येणाऱ्या कुटुंबांकडे नवजात विभागातून मिळालेले डिस्चार्ज कार्ड पुष्कळदा घरी राहिलेले असते, स्कॅनच्या अर्जावर केवळ जन्मतारीख असते, आणि तीन महिन्यांच्या मेंदूची तुलना सहा महिन्यांच्या मेंदूशी होऊन बसते. अशा वेळी मी आईलाच विचारते, की बाळ किती दिवस आधी आले होते. आईला आठवडा नेमका आठवतो, कित्येकदा आमच्या कागदांपेक्षा अधिक नेमका.

स्कॅन चांगला यायचा तर बाळ झोपलेले असले पाहिजे, आणि तान्ह्या बाळाला औषध न देता झोपवणे हे कौशल्याचे काम आहे. मशीनचा आवाज १०० डेसिबलच्या वर जाऊ शकतो. साधारण तीन-चार महिन्यांपर्यंतच्या बाळाला स्कॅनच्या आधी अर्धा-पाऊण तास पोटभर पाजून, कानात मऊ बोळे बसवून, वर छोटे इअरमफ लावून, दुपट्यात घट्ट गुंडाळले तर बहुतेक बाळे झोपेतच तपासणी पूर्ण करू देतात. इथे निर्णय आधीच घ्यावा लागतो, कारण गुंगीचे औषध द्यायचे असेल तर बाळाला काही तास उपाशी ठेवावे लागते, आणि पोटभर पाजून झाल्यावर तो मार्ग त्या वेळेपुरता बंद होतो. आतमध्ये जाण्यापूर्वी बाळाच्या अंगावरचे सगळे उतरवावे लागते: पायांतले वाळे, हातांतल्या मनगट्या, करदोट्यात ओवलेला ताईत, कपड्यांवरची धातूची टिचबटणे. आजीला करदोटा कापलेला चालत नाही. ती खाली बसून, चष्मा कपाळावर सरकवून, दाताने गाठ सैल करते आणि करदोटा अख्खा सोडवून पदराच्या टोकाला बांधून ठेवते. आम्ही तिला तेवढा वेळ देतो. नाडीचे सुती झबले मात्र तसेच राहू देतो, त्यात धातू नसतो आणि बाळाला त्याची सवय असते. प्रौढांच्या डोक्याभोवती बसवायची, संदेश टिपणारी कॉइल नवजात बाळाला फार मोठी पडते, म्हणून तान्ह्या मुलांची खास कॉइल नसेल तिथे गुडघ्याची कॉइल वापरतात, आणि संदेश खरोखरच अधिक स्वच्छ येतो. बाळ केव्हाही जागे होऊ शकते, त्यामुळे त्या वयाला सर्वांत उपयुक्त असलेले चित्र आधी काढून घ्यायचे, हा आमच्या टेक्निशियनांचा नियम आहे. नवजात मेंदूचे टी-१ व टी-२ काळ प्रौढाच्या दुपटीहून अधिक असतात, म्हणून मोठ्या माणसांसाठी बसवलेल्या मापांवरच बाळाचा स्कॅन केला तर चित्रातला भेद पुसट होतो आणि मायलिन "कमी" दिसते. तिथे दोष मापांचा असतो, बाळाच्या मेंदूचा नव्हे.

आतापर्यंत सांगितले ते सगळे नजरेने पाहण्याविषयी होते. उजळ किंवा गडद हे शब्द आजूबाजूच्या भागाच्या तुलनेत अर्थपूर्ण असतात, त्यांना स्वतःचा आकडा नसतो. मायलिन मोजता यावे म्हणून गेल्या तीन-चार दशकांत बऱ्याच पद्धती निघाल्या. वुल्फ आणि बलबन यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या पद्धतीत मोठ्या रेणूंना चिकटलेल्या हायड्रोजनला आधी उत्तेजित करतात आणि त्याचा परिणाम मोकळ्या पाण्याच्या संदेशावर किती झाला ते मोजतात. पाण्याच्या रेणूंची तंतूंच्या दिशेने आणि आडवी होणारी हालचाल मोजणाऱ्या डिफ्यूजन पद्धतीत, मायलिन वाढते तशी आडवी हालचाल घटते; पण तंतूंची दाटी आणि त्यांचे एकमेकांना छेदणे यांचाही त्या आकड्यावर परिणाम होतो, म्हणून त्याला केवळ मायलिनचे माप म्हणणे बरोबर नाही. व्हँकूव्हरमधील ॲलेक्स मॅके आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये दाखवलेली वाट मला सर्वांत तर्कशुद्ध वाटते. मायलिनच्या वेढ्यांमध्ये अडकलेल्या पाण्याचा टी-२ अवघा १० ते ४० मिलिसेकंदांचा असतो, तर पेशींच्या आतबाहेरच्या पाण्याचा त्याहून बराच लांब. दोन्ही संदेश वेगळे काढले की अडकलेल्या पाण्याचा हिस्सा कळतो आणि त्यावरून मायलिनचा.

शॉन डिओनी आणि सहकाऱ्यांनी याच कल्पनेवर आधारलेली वेगवान पद्धत तान्ह्या बाळांसाठी वापरली आणि तिचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध केले. तीन ते अकरा महिन्यांची १४ निरोगी बाळे, आवाज कमी केलेला स्कॅन आणि नैसर्गिक झोप, एवढ्यावर त्यांनी मायलिनचा प्रवास आकड्यांत दाखवला: लहान मेंदू, पॉन्स (मेंदूच्या दांड्याचा मधला भाग) आणि इंटर्नल कॅप्सूलपासून आरंभ, तीन-चार महिन्यांत कॉर्पस कॅलोसमचा मागचा भाग व दृष्टीचे मार्ग, चार ते सहा महिन्यांत मेंदूचा मागचा व वरचा भाग, आणि सहा ते आठ महिन्यांत पुढचा व कानशिलाकडचा भाग. मृत मेंदूंच्या चकत्यांवरून रचलेला क्रम जिवंत, झोपलेल्या बाळांत जुळून आला, याचे मला आजही अप्रूप वाटते. अर्थात या पद्धतीवर गंभीर आक्षेपही आहेत. एकाच मोजणीतून अनेक अज्ञात राशी काढताना आकड्यांची अचूकता किती उरते, हा प्रश्न २०१३ मध्ये तपशिलाने विचारला गेला, आणि वेगवेगळ्या पद्धतींनी काढलेला मायलिनमधील पाण्याचा हिस्सा एकमेकांशी जुळत नाही हेही खरे आहे. त्यामुळे एका पद्धतीचा आकडा दुसऱ्या पद्धतीच्या तक्त्यावर ठेवून निष्कर्ष काढता येत नाही. रोजच्या कामात आम्ही अजून नजरेवरच अवलंबून आहोत, आणि एका अर्थी त्यामुळेच आमची जबाबदारी वाढते.

हे सगळे पुण्यात का महत्त्वाचे आहे, ते आता लिहिते. १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांच्या पोषणाचा जो अभ्यास डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केईएम रुग्णालयातून सुरू केला, त्यात सुमारे दोन-तृतीयांश मातांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. पुढे याच शहरातील संशोधकांनी २००८ मध्ये असे दाखवले की, गरोदरपणी बी-१२ कमी असलेल्या मातांची मुले नऊ वर्षांची झाल्यावर एकाग्रतेच्या आणि अल्पकालीन स्मरणशक्तीच्या चाचण्यांत मागे पडत होती. बी-१२ वनस्पतीजन्य अन्नात जवळपास नसतेच. दूधदुभत्यात थोडे असते, मांस, मासे, अंडी यांत अधिक. पिढ्यान्पिढ्या शाकाहारी असलेल्या किंवा मांसाहार क्वचितच परवडणाऱ्या घरातील आईच्या शरीरात साठा कमी असेल, तर बाळाला जन्मतः कमी मिळते आणि अंगावरच्या दुधातूनही कमीच येते.

बी-१२ कमी पडले की शरीरातील दोन क्रिया अडतात. होमोसिस्टीनपासून मेथिओनीन तयार करणाऱ्या क्रियेला ते लागते, आणि या क्रियेतून मिळणारे मिथाइल गट मायलिनच्या प्रथिनांना व स्निग्ध पदार्थांना हवे असतात. दुसरी क्रिया मेथिलमॅलोनिक आम्लाशी संबंधित आहे. ती अडली की चुकीच्या घडणीची स्निग्धाम्ले तयार होतात आणि मायलिनच्या घडणीत ती शिरू शकतात. अशी बाळे पहिले काही महिने ठीक दिसतात आणि साधारण चार महिन्यांपासून वर्षाच्या आत मागे पडू लागतात. हसणारे बाळ हसायचे थांबते, धरलेली मान ढिली पडते, केस विरळ आणि भुरकट होतात, बोटांच्या पेरांवरची कातडी काळवंडते, काहींना थरथर सुटते. थरथर सुटलेल्या अशा बाळांचे वर्णन भारतीय बालरोगतज्ज्ञ १९५०च्या दशकापासून करत आले आहेत. एमआरआयमध्ये मेंदूभोवतीची जागा रुंदावलेली, कॉर्पस कॅलोसम बारीक आणि मायलिन वयापेक्षा मागे दिसते. रक्ततपासणीने निदान होते, उपचार स्वस्त आहे, आणि वेळेवर दिला तर बाळ काही दिवसांतच टवटवीत होऊ लागते. स्कॅनमधील बदलही पुढच्या महिन्यांत बरेच भरून येतात. किती भरून येतात हे उपचाराला लागलेल्या उशिरावर अवलंबून असते. म्हणूनच इथल्या आठ महिन्यांच्या बाळाच्या अहवालात "मायलिनेशन कमी" एवढे लिहून थांबणे मला अपुरे वाटते. बी-१२, होमोसिस्टीन आणि थायरॉइड तपासावे, असे त्याच अहवालाच्या शेवटी स्पष्ट लिहायला एक वाक्य पुरते, आणि आईचीही तपासणी व्हावी हे त्यात जोडता येते.

एका स्कॅनवरून कायमचे निदान करू नये, यालाही ठोस आधार आहे. उशिरा चढणारे मायलिन आणि जन्मजात आजारामुळे कधीच पुरेसे न चढणारे मायलिन, या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या गटाचे निदान करण्यासाठी किमान सहा महिन्यांच्या अंतराने दोन स्कॅन हवेत, त्यांपैकी एक वर्षाच्या वयानंतरचा हवा, आणि दोन्हींत मायलिनची कमतरता तशीच राहिलेली दिसायला हवी, असा निकष शिफमन आणि व्हान डेर क्नाप यांनी मांडलेला आहे. पाचव्या महिन्यातील एकुलत्या एका स्कॅनवरून आनुवंशिक आजाराचे नाव घेणे म्हणजे त्या कुटुंबाला अकारण वर्षभर भीतीत लोटणे होय.

आमच्यासमोरची मोठी उणीव मात्र वेगळीच आहे. ज्या टप्प्यांशी आम्ही पुण्यातील बाळांची तुलना करतो, ते टप्पे बहुतांशी अमेरिका व युरोपातील बाळांवरून आलेले आहेत. तिथल्या मोठ्या प्रकल्पांत शेकडो निरोगी बाळांचे स्कॅन झाले आहेत आणि त्यांची माहिती संशोधकांना खुली आहे, ही अभिनंदनीय गोष्ट आहे; पण कमी जन्मवजनाची, बी-१२ कमी असलेल्या मातांची, तरीही प्रकृतीने ठणठणीत अशी आपली बाळे त्या तक्त्यांवर कुठे बसतात, हे त्यावरून कळत नाही. मायलिनचा क्रम जगभर सारखाच असणार याविषयी मला शंका नाही. प्रश्न वेगाचा आहे, आणि आपल्याकडील पुष्कळ बाळे मागे दिसत असतील तर त्या "पुष्कळ" मध्ये उपचाराने सुधारणारी किती, हा आहे. ६४ मिलिटेस्लाची, म्हणजे फार कमी ताकदीच्या चुंबकाची, साध्या प्लगवर चालणारी, चाकांवर ढकलत नेता येणारी छोटी मशीन आता उपलब्ध आहेत. त्यांच्या चित्रांत बारीक तपशील कमी दिसतो, इंटर्नल कॅप्सूलचा तो ठिपका तिथे भरवशाने दिसेल असे मी म्हणणार नाही. तरी संपूर्ण मेंदूचा आकार आणि मायलिनचा ठळक टप्पा त्यातून कळू शकतो, आणि बाळाला गावाहून पुण्यात आणण्याऐवजी मशीन तालुक्याच्या ठिकाणी नेता येते. ज्या भागात मातांच्या पोषणाच्या तीस वर्षांच्या नोंदी आहेत, तिथे निरोगी बाळांचे असे स्कॅन आईच्या बी-१२ सोबत जोडून ठेवले गेले, तर त्यातून मिळणारे तक्ते जगातल्या इतर कुठल्याही तक्त्यांइतकेच मोलाचे ठरतील. नीतिसमितीची परवानगी, आईवडिलांची समजून-उमजून दिलेली संमती आणि स्कॅनमध्ये काही आढळल्यास पुढील उपचारांची खात्री, या तीन गोष्टी मात्र पहिल्या स्कॅनच्या आधी ठरलेल्या हव्यात.

ज्यांच्या बाळाचा स्कॅन ठरला आहे, त्यांनी नवजात विभागाचे डिस्चार्ज कार्ड सोबत आणावे, बाळ किती आठवड्यांचे असताना जन्मले ते टेक्निशियनला आपणहून सांगावे आणि आईच्या आहाराविषयी विचारले तर संकोच न करता जसे आहे तसे सांगावे. आधी स्कॅन झालेला असेल तर त्याची फिल्म पुरेशी होत नाही, सीडी मागून घ्यावी. फिल्मवर छटांची तुलना धडपणे करता येत नाही. दुसरा स्कॅन शक्यतो त्याच मशीनवर करावा, आणि दोन्ही अहवाल एकाच डॉक्टरने शेजारी शेजारी ठेवून वाचावेत असा आग्रह धरावा.